गरोदर बाईच्या दुखण्याला घरातल्या किती जणांची सही लागते?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे आणि काहींना झोंबेल. झोंबू द्या.

उसाला पाणी कधी सोडायचं यावर आपल्या मांडवगणात रात्री बारा वाजताही फोन होतात. पण नवव्या महिन्यातली पोरगी "डोकं लई दुखतंय" म्हणाली, की उत्तर ठरलेलं. पित्त झालं असेल, झोप, सकाळी बघू. सासूबाई म्हणणार, आम्ही नाही का काढली बाळंतपणं?

काढली, मान्य. पण ज्यांची निभली नाहीत त्या आज सांगायला नाहीत.

या "पित्ता"बद्दल नीट ऐका. पाचव्या महिन्यानंतर बीपी 140/90 किंवा त्यावर, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, बरगडीखाली दुखणं, उलट्या, तोंडा-हातावर अचानक सूज. यातलं एक जरी असलं तरी त्याच रात्री बीपी तपासायचं. यातून झटके येतात, आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. पित्ताच्या गोळीनं ते थांबत नाही.

दुसरं खूळ: "दिवस भरले की बाळ कमीच फिरतं, जागा कुठंय त्याला?" साफ खोटं. बाळ शेवटपर्यंत फिरतं. रोजच्यापेक्षा कमी वाटलं की दवाखाना, रात्र असेल तर रात्री. अंगावरून रक्त, पाणी जाणं (कळा नसल्या तरी), ताप, 37 आठवड्यांच्या आत कळा, यालाही सकाळ उजाडायची वाट बघायची नसते.

कळा कधी येतात कधी जातात, विश्रांतीनं थांबतात, तर बहुतेक खोट्या. तरी फोन करून विचारायला काय जातं? पाच-पाच मिनिटांनी तासभर कळा आल्या की निघा, हा हिशेब दवाखान्याशेजारी राहणाऱ्यांचा. आपल्याला मळ्यातून न्हावरा, शिरूर नाहीतर दौंड गाठायचंय. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, वर बिबट्याच्या भीतीनं रात्री गाडी काढायला कोणी तयार नाही. आपण आधीच निघायला हवं.

1994 साली थॅडियस आणि मेन या दोघींनी बाळंतपणातल्या मृत्यूंमागचे तीन उशीर मांडले: ठरवायला, पोचायला आणि उपचार मिळायला. तिसऱ्यावर, अनामत रकमेच्या आरोपावरून, 2025 मध्ये पुण्यात केवढा संताप झाला! योग्यच होता. पहिला उशीर आपल्या ओट्यावर होतो. त्यावर मोर्चा कोण काढणार?

आणि हो, "एवढ्यासाठी फोन केला?" म्हणून पोरीला झापणारे दवाखान्यातले लोकही यात आले. एकदा झापलेली बाई दुसऱ्यांदा फोन करत नाही.

माहेरी आलेल्या लेकींचं तर आणखी अवघड. कार्ड सासरी राहतं, इथल्या आशाताईंना ती आल्याचा पत्ता नसतो. आल्या दिवशी नाव सांगा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी तपासणी फुकट असते, न्या. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. 102 आणि 108 नंबर प्रत्येक घरात लिहून ठेवा. ऊसतोडीच्या कोप्यांवरही जाऊन सांगा, त्या बायका आपल्याच शेतात राबतात.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात. त्यातून रात्रीच्या एका गाडीची सोय आणि चालकाचा नंबर चावडीवर, एवढं पुढच्या ग्रामसभेत मागणार आहे. कोण कोण येतंय, खाली लिहा.