रेडिएटरांतील पाणी जातें कोठें ?

आमच्या सभासद बंधूंपैकीं पुष्कळांच्या दारांत डिझेलची एखादी जुनी जीप अद्याप उभी आहे. बाजारांत तिला फारशी किंमत येत नाहीं. पण खताच्या गोण्या, दुधाच्या किटल्या, वऱ्हाड आणि वेळप्रसंगीं आजारी माणूस हें सर्व तीच वाहून नेते. अशा गाडीच्या मालकांत एक संवय आम्ही सर्रास पाहतों. सकाळीं रेडिएटरचें झांकण उघडावयाचें, तांब्याभर पाणी ओतावयाचें आणि चालूं लागावयाचें. "जुनी गाडी आहे, थोडें पाणी पिणारच," असें वर सांगावयाचें. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. इंजिनाचें पाणी म्हणजे बंद भांड्यांतील पाणी होय. तें डिझेलप्रमाणें खर्चीं पडत नाहीं. रोज तांब्याभर कमी होत असेल तर तें कोठून तरी बाहेर जात आहे, अथवा, आणि हें अधिक वाईट, इंजिनाच्या आंत शिरत आहे.

याच्या उलट टोंकाची चूक आम्हीं स्वतः केली, ती सांगण्यास संकोच बाळगीत नाहीं. आमची जीप दोन दिवसांआड लिटरभर पाणी घेऊं लागली. जमिनीवर तर थेंब दिसेना. मेस्त्रीनें पाहतांच हेड गॅसकेट गेल्याचा निवाडा दिला व आम्हीं मान डोलाविली. ऐन पेरणीच्या तोंडावर हेड उतरलें. गॅसकेट धड निघालें, तरी नवें बसविलें, मजुरी दिली. आणि चवथ्या दिवशीं पाणी पुनः खालीं. पुढें एका वयस्क कारागिरानें वॉटर पंपाच्या खालचें बारीक भोंक दाखविलें. त्याच्या कडेला पांढरट-हिरवट खरवड सांठली होती. पंपाचें सील इंजिन तापल्यावरच गळे, आणि गळलेलें पाणी तापल्या लोखंडावर पंख्याच्या वाऱ्यानें जागींच वाळून जाई. जमिनीवर थेंब दिसणार कोठून ? यांत मेस्त्रीचा दोष आम्ही अर्धाच मानतों. न तपासतां उघडूं देणारे आम्हीच होतों.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच कीं, पान्हा लावण्यापूर्वीं पाण्याची वाट ठरवावी. आठ दिवस वहींत लिहावें : इंजिन थंड असतां किती पाणी घातलें व गाडी किती चालली. मग झांकण पाहावें. झांकण हें केवळ झांकण नव्हे. आंतील स्प्रिंग पाण्यावर दाब राखते, व या दाबामुळेंच पाणी शंभर अंशांस उकळत नाहीं. एक बार दाबाखालीं तें सुमारें १२० अंशांपर्यंत टिकतें. स्प्रिंग मेली किंवा रबर चिरलें कीं पाणी वाफ होऊन बाहेर पडतें, आणि दोष मात्र इंजिनास लागतो. नवें झांकण गाडीच्या मूळ दाबाचेंच घ्यावें. अधिक दाबाचें बसविलें तर जुना रेडिएटर फुटण्याची भीति. गरम इंजिनाचें झांकण उघडूं नये, हें आमच्या वाचकांस सांगणें न लगे. तरी दरसालीं कोणी ना कोणी हात भाजून घेतोच.

आंतील गळतीच्या खुणा निराळ्या. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच वरची जाड रबरी नळी दगडासारखी ताठ झाली तर सावध व्हावें. पाणी अजून तापलेलें नाहीं, मग दाब आला कोठून ? सिलिंडरांतील जळिताचा वायु पाण्यांत शिरत आहे. येथें हेड गॅसकेटचा अथवा हेडला तडा गेल्याचा संशय रास्त ठरतो. पांढऱ्या धुराविषयीं मात्र घाई नको. थंडीच्या सकाळीं न जळलेल्या डिझेलचाही धूर पांढरा असतो व तो डोळ्यांस झोंबतो. गाडी तापल्यावरही धूर राहिला आणि त्यास गोडसर वास आला, तर तो कूलंटचा.

तेलांत पाणी आहे कीं नाहीं हें पाहण्यास खर्च नाहीं. गाडी रात्रभर उभी ठेवावी व सकाळीं ऑइल चेंबरचा नट किंचित् सैल करावा. पाणी तेलाहून जड, म्हणून आधीं तेंच ठिबकेल. ठिबकल्यास इंजिन सुरू करूं नये. सिलिंडरांत पाणी सांठलें असल्यास तें दबत नाहीं, कनेक्टिंग रॉड मात्र वांकतो. तेलांत पाणी आलें म्हणजे हेडच गेलें असेंही नाहीं. कित्येक इंजिनांत ऑइल कूलर फुटतो, कित्येकांत लायनरच्या तळाचें रबर जातें. शिवाय लायनरच्या कंपानें पाण्यांत बुडबुडे उठून फुटतात व लोखंडास बारीक छिद्रें पाडतात. कूलंटमधील औषध हेंच रोखण्यासाठीं असतें. विहिरीचें जड पाणी वर्षानुवर्षें ओतणारा हें संरक्षण गमावतो, वर क्षारांचा थर चढवितो. मापानें कूलंट व शुद्ध केलेलें पाणी हाच आमचा आग्रह आहे. फक्त काढलेलें कूलंट उघड्यावर टाकूं नये. तें बहुधा विषारी असतें, आणि चवीस गोड असल्यामुळें कुत्रीं व जनावरें तें चाटतात.

राहिली दाबाची परीक्षा. रेडिएटरच्या तोंडास हातपंप लावून थंड इंजिनांत झांकणावर छापलेला दाब भरावयाचा व पंधरा मिनिटें कांटा पाहावयाचा. कांटा उतरला आणि थेंब दिसला तर जागा सांपडली. कांटा उतरूनही बाहेर सर्व कोरडें असेल तर गळती आंत आहे. हा पंप एकट्या शेतकऱ्यानें घेण्याजोगा नाहीं, पण सोसायटीच्या भांडारांत फवारणी-यंत्रांशेजारीं तो असावाच, असें आमचें ठाम मत आहे. येत्या साधारण सभेपुढें ही सूचना आम्ही मांडणार आहों. पंपाबरोबर निरनिराळ्या मापांचीं तोंडें घ्यावीं लागतील. तरी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनीं आपल्या रेडिएटरच्या तोंडाचें माप व झांकणावरील दाबाचा आंकडा सभेपूर्वीं कळवावा.