रँकिंगची आरती

सप्टेंबर आला की आपल्या मंडळांत गणपतीच्या आरतीइतक्याच नेमाने आणखी एक आरती होते: यू.एस. न्यूजच्या कॉलेज-यादीची. कुणाचा मुलगा सातव्या नंबरात, कुणाची मुलगी एकविसाव्या. पण हे नंबर ज्या आकड्यांवरून लागतात ते मोजतो कोण? बरेचसे आकडे कॉलेजे स्वतःच भरून पाठवतात! आमच्या धंद्यात ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्यालाच टेस्टिंगचा शेरा मारू दिला, तर क्लायंट दारात उभे करणार नाही. इथे मात्र घर गहाण टाकून आपण त्या शेऱ्यावर विसंबतो.

कोलंबिया विद्यापीठ २०२१ च्या यादीत दुसरे होते. आमचे ८२.५ टक्के वर्ग विसापेक्षा कमी विद्यार्थ्यांचे, असे त्यांनी कळवले होते. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाच्याच वर्गांच्या यादीवरून हिशेब मांडला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केला. मेळ बसेना. सप्टेंबरात विद्यापीठाने सुधारलेला आकडा दिला: ५७.२ टक्के. त्या वर्षी नंबर थेट अठरावा! मला सांगा, वर्षभरात तिथले शिकवणे सोळा पायऱ्या घसरले का? टेंपल विद्यापीठाचे प्रकरण तर कोर्टात गेले. त्यांचा ऑनलाइन एमबीए चार वर्षे पहिला होता. खोट्या आकड्यांपायी माजी डीन मोशे पोराट यांना २०२२ मध्ये १४ महिन्यांची कैद झाली.

'मग तुलना करायचीच नाही का?' जरूर करावी, पण आकड्याचे कूळ विचारून. सरकारचे कॉलेज स्कोअरकार्ड २०१३ पासून आहे. त्यातली पदवीधरांची कमाई कराच्या नोंदींवरून येते, कॉलेजला ती फुगवता येत नाही. (सरकारी मदत घेणारेच विद्यार्थी त्यात मोजतात, तेव्हा आपली पुष्कळ मुले त्यात नसतात, हेही ध्यानात ठेवा.) दुसरा आधार कॉमन डेटा सेट. तोही कॉलेजच भरते, पण चारचौघांत मांडते, म्हणून कुणीतरी थॅडियस तो तपासू शकतो. कोलंबियाने तो २०२२ पर्यंत लोकांपुढे ठेवलाच नव्हता.

कॅम्पस बघायला जाल तेव्हा डायनिंग हॉलमधला पिझ्झा जरूर खा, पण आधी त्या ऑफिसात कॉमन डेटा सेट मागा. वर्ग किती मोठे, ते 'आय' विभागात असते.