नोंद न झालेला झटका



खर्चाची नोंद करायची राहून गेली, तरी तिजोरीतील रोकड कमी झालेलीच असते. हृदयविकाराच्या एका प्रकाराचे असेच आहे. छातीत कळ नाही, दरदरून घाम नाही, घरात धावपळ नाही. आणि तरीही हृदयाच्या स्नायूचा काही भाग रक्तपुरवठ्याअभावी निकामी झालेला असतो. यालाच सायलेंट हार्ट अटॅक म्हणतात. पुष्कळदा तो फार उशिरा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या एखाद्या ईसीजीत उघडकीस येतो.

हे विरळा घडते असे समजू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी होत राहिली. तेथील ३० वर्षांचा लेखाजोखा १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलेल्या झटक्यांपैकी चौथाईहून अधिक केवळ ईसीजीतून कळले होते. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना कोणताच त्रास जाणवला नव्हता. उरलेल्यांना जाणवला, पण तो हृदयाचा असेल अशी शंका आली नाही. असे निसटलेले प्रमाण स्त्रियांत अधिक होते. आणि पुढचा धोका? तो जाणवलेल्या झटक्याइतकाच.

जोखमीच्या कारणांत मधुमेह अग्रभागी ठेवावा लागेल. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने मज्जातंतू बधिर होतात आणि वेदनेचा निरोप पोहोचतच नाही. त्याखेरीज उच्च रक्तदाब, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, वय ही नेहमीची मंडळी आहेतच. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे दिसले. आपण शाकाहारी, निर्व्यसनी, आपल्याला काय होणार, हे वाक्य आपल्या पेढ्यांवर वारंवार ऐकू येते. भाजीपाला, फळे, डाळी हितकारक खऱ्याच; परंतु शेव-फाफडा, वनस्पती तुपातील मिठाई आणि गादीवरची दहा तासांची बैठक हीसुद्धा शाकाहारीच असते.

स्त्रियांची बाब निराळी मांडायला हवी. रजोनिवृत्तीनंतर त्यांची जोखीम वाढत जाते. मधुमेह जडल्यास त्यांची हानी पुरुषांहून अधिक होते. गरोदरपणी साखर वा रक्तदाब वाढला असेल, तर ती गोष्ट बाळंतपणाबरोबर संपली असे सारे धरून चालतात. ती वीस वर्षांनंतरही डॉक्टरांना आवर्जून सांगावी. शिवाय त्यांच्यात लक्षणे पुष्कळदा आडवळणाने येतात: अकारण थकवा, जिना चढताना लागणारी धाप, जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळ. गृहिणी त्याला पित्त म्हणते, ओवा-सैंधव खाते आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकाला लागते.

बँकेत असताना कर्जाच्या प्रस्तावांसोबत विम्याचे वैद्यकीय अहवाल माझ्या टेबलावर येत. अनेक फर्ममध्ये पत्नी भागीदार असे, कागदोपत्री सही तिची असे. अहवाल मात्र बहुधा शेठजींचाच. दुकानाचा साठा दरवर्षी मोजणाऱ्या घरात चाळिशी ओलांडलेल्या सुनेची साखर आणि रक्तदाब कोणी मोजलेला नसतो, हे मला आजही उमगत नाही.

ईसीजी सर्वज्ञ नाही. तो निर्दोष आला म्हणून झटका येऊन गेलाच नाही असे ठरत नाही. गरज वाटल्यास डॉक्टर इको किंवा अन्य तपासण्या सुचवतात. मधुमेही व्यक्तीला एकाएकी धाप लागली किंवा गळून गेल्यासारखे झाले, तर छाती दुखण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. आणि जुने ईसीजी रद्दीत टाकू नयेत. पती-पत्नी दोघांचे एका फाइलमध्ये, तारखेनुसार लावून ठेवावेत. नवा आलेख जुन्याशी ताडून पाहता आला, की मधल्या काळात काय घडून गेले ते डॉक्टरांना अधिक नेमके ओळखता येते.