पेढे प्रवेशाचे, परीक्षा पदवीची

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वडोदऱ्यातील मराठी मंडळांत गुणगौरव समारंभांची धांदल उडते. गुलाबपुष्प, पाकीट, अध्यक्षीय भाषण, अल्पोपहार. मुले कौतुकास पात्र आहेतच. पण त्यांतील किती मुले पुढे पदवी घेऊन बाहेर पडली, याची नोंद आपण ठेवत नाही. ज्या घरांत तीन-चार पिढ्या पदवीधर आहेत, त्यांना हा प्रश्न पडत नाही. कामगाराच्या किंवा पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या बाईच्या मुलापुढे मात्र तो रोज उभा असतो. एटीकेटी लागली तर काय करायचे, हे सांगणारे घरात कोणी नसते. महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबाचा तिकडचा जातीचा दाखला इथल्या राज्याच्या सवलतींना सहसा चालत नाही. मग फीची ओढाताण, अर्धवेळ नोकरी आणि एक दिवस कॉलेजला रामराम.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. स्वतः कॉलेजची पायरी न चढलेल्या या माणसाने १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. नुसती शाळा काढून भागत नाही; मुलाला राहायला जागा, पोटाला भाकरी आणि पाठीवर हात लागतो, हे त्यांनी जाणले. म्हणून १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह आले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. ते चालवण्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. पुढे १९४७ साली ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. मुलगा शेतात राबे, वर्गात बसे आणि कोणाचा मिंधा न होता पदवीधर होई. अण्णांच्या छत्राखाली वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही.

या कामाशी वडोदऱ्याचे नाते आहे. १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारे सयाजीराव महाराज १९३९ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी भाऊरावांनी साताऱ्यात मोफत, निवासी हायस्कूल काढले आणि त्याला महाराजांचे नाव दिले. साताऱ्याने आपल्या राजाची आठवण अशी ठेवली. आपण ती केवळ पुतळ्याला हार घालून ठेवणार काय?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळाने गुणगौरवाचा निम्मा खर्च बाजूला काढावा आणि दरवर्षी घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी पाच मुले-मुली दत्तक घ्यावीत, पदवी हाती पडेपर्यंत. निवृत्त प्राध्यापक, बँक अधिकारी आपल्यात थोडे नाहीत. एकेकाने एकेका मुलाची चौकशी दर महिन्याला करावी. आणि निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांकडे समाजाने पुन्हा सभागृह मागू नये, वसतिगृह मागावे. त्यांचे उत्तर ऐकूनच मत ठरवावे.