नटासोबत फोटो मिळाला, पोरांचे पैसे राहिले

पोस्ट थोडी मोठी आहे. पण आपल्याच तालुक्यातल्या पोरांची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

सहा महिन्यांपूर्वी वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात एका मोठ्या नटाची मुलाखत शूट झाली. नटाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. त्या मुलाखतीतला आईबद्दल बोलताना गळा दाटून येतो तो तुकडा तुमच्यापैकी कित्येकांनी स्टेटसला ठेवला होता. तो क्लोजअप धरणारा मुलगा आपल्या इथला आहे. एरवी लग्नं शूट करतो. त्या दिवसाचे पैसे त्याला आजपर्यंत मिळालेले नाहीत.

आणि त्याला तिथं पाठवणारा मीच होतो.

मुंबईहून फोन आला होता. 'सर, लोकल टीम मिळेल का? चार कॅमेरा सेटअप आहे.' आता आपल्याला कोणी 'सर' म्हटलं की आपण फुगतोच. मी लगेच पाच पोरांचे नंबर दिले. दोन कॅमेरामन, दोन असिस्टंट, एक लाइटवाला. दिवसाचे तीन हजार, पैसे महिनाभरात, असं फोनवरच ठरलं. कागद नाही, साधा मेसेजही नाही. मी म्हणालो, 'जा रे बिनधास्त, मी आहे.'

अनेकांना वाटतं, मुलाखत म्हणजे काय, दोन खुर्च्या आणि समोर कॅमेरा. तसं नसतं. एकच कॅमेरा असेल तर पाहुण्याचं बोलणं झाल्यावर मुलाखतकाराचे प्रश्न पुन्हा वेगळे शूट करावे लागतात. मोठ्या नटाकडे तेवढा वेळ नसतो, आणि माणूस मनातलं एकदाच बोलतो. 'सर, परत एकदा रडा' असं म्हणता येत नाही. म्हणून एक कॅमेरा दोघांवर, एक पाहुण्याच्या चेहऱ्यावर, एक मुलाखतकारावर आणि चौथा हलता. चारही कॅमेरे दोघांच्या एकाच बाजूला हवेत, नाहीतर पडद्यावर दोघं एकाच दिशेला बघतायत असं दिसतं. चारही कॅमेऱ्यांचा रंग जुळायला हवा, टाइमकोड जुळायला हवा. कानात डायरेक्टरचा आवाज, डोळा फोकसवर, आणि दोन-दोन तास जागचं हलायचं नाही.

त्या क्षणाला पोरानं काय केलं? काहीच घाई केली नाही. नट बोलता बोलता थांबला तेव्हा त्यानं अगदी सावकाश झूम आत नेला आणि तिथंच धरून ठेवला. ही अक्कल लग्नात मुलीच्या पाठवणीचं शूटिंग करून करून आलेली आहे. तिथंही रिटेक नसतो.

कॉल सकाळी सातचा होता. नट अकराला येणार होते, आले साडेतीनला. पॅकअप रात्री साडेअकराला. साडेसोळा तास. संध्याकाळी नटानं सगळ्यांसोबत फोटो काढले. माझ्यासोबतही काढला, मी तो इथंच टाकला होता. ४०० लाइक आले होते. आज तो फोटो बघवत नाही.

महिना गेला, दोन गेले. आधी 'सर, प्रोसेसमध्ये आहे', मग 'अकाउंट्सशी बोला', मग फोन उचलणंच बंद. कार्यक्रम दाखवला गेला, शेवटी नावं आली. कपडेवाल्यांची, मेकअपवाल्यांची, वाड्याच्या मालकांचे आभारही. आपल्या पाचांपैकी एकाचंही नाव नाही.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली. जनरेटरवाल्याचे पैसे त्याच दिवशी दुपारी दिले गेले. का? कारण तो म्हणाला, 'पैसे नाहीत तर डिझेल टाकत नाही.' आमची पोरं असं म्हणू शकली नाहीत. 'मुंबईचं काम आहे, नाव होईल' या आशेवर ती उभी होती. कंपन्यांना ही आशा चांगली माहीत असते.

कायदा काय म्हणतो? १९८१ चा सिने कामगारांचा कायदा लेखी करार सक्तीचा करत होता, पण तो कथापटांपुरता. टीव्हीवरची मुलाखत त्यात बसत नव्हती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये दृकश्राव्य कामगार हा शब्द आला. सरकारनं ठरवलेल्या मानधनाच्या मर्यादेतले तंत्रज्ञही त्यात येतात, आणि लेखी कराराशिवाय त्यांना कामावर ठेवता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आहे. पण कागद मागितलाच नाही तर कायदा आपल्या दारात चालत येणार नाही.

कंपन्या म्हणतात, चॅनेलकडून पैसे उशिरा येतात. येत असतील. पण मग ती जोखीम तीन हजारांवर काम करणाऱ्यानं का घ्यायची?

'स्वदेस', 'गंगाजल'पासून आपला परिसर शूटिंगसाठी ओळखला जातो. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाच. पण घाट आपला, वाडा आपला, पोरं आपली, आणि उधारीही आपलीच, हे किती दिवस चालणार?

माझं म्हणणं साधं आहे. तालुक्यातल्या फोटोग्राफर संघटनेनं एक पानी नमुना करावा. तारीख, तास, दर, जादा तासांचे पैसे, कॅमेऱ्याला धक्का लागला तर जबाबदारी कोणाची, पैसे कधी, आणि शेवटी नाव. निम्मे पैसे आधी. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेनं शूटिंगची परवानगी देताना हा कागद मागावा. आणि माझ्यासारख्या मध्यस्थांनी 'मी आहे' म्हणणं बंद करावं. यापुढं लेखी आल्याशिवाय मी कोणाचाही नंबर देणार नाही.

परवा मी त्या मुलाकडे गेलो होतो. माझ्या खिशातले पैसे पुढे केले. त्यानं घेतले नाहीत.

'दादा, तुम्ही कशाला देताय? काम त्यांचं केलंय.'

त्या तारखेचं लग्न त्यानं दुसऱ्याला देऊन टाकलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

कमेंटमध्ये शिव्या द्यायच्या असतील तर मला द्या. पण ज्यांचे असे पैसे अडकलेत त्यांनी मला मेसेज करा. सगळ्यांची यादी करून आपण एकत्र कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊ. पहिला अर्ज मी लिहितो, आणि साक्षीदार म्हणून माझंच नाव घालतो.