दुरुस्तीला पैसे, देखभालीला नाहीत

माझी थोरली बहीण पंचाहत्तर वर्षांची आहे. लग्न होऊन ती अमेरिकेत गेली, त्याला पन्नासएक वर्षे झाली. शिकागोच्या एका उपनगरात तिचे घर आहे. मागे मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा तिची कंबर हा घरातला एक कायमचा विषय असल्याचे लक्षात आले. कपाटाच्या खालच्या कप्प्यातले भांडे काढायचे तर ती आधी कंबरेचा अंदाज घेते. दर पंधरवड्याला ती कायरोप्रॅक्टरकडे जाते. मणक्यांना हाताने दाब किंवा झटका देऊन ते मोकळे करणारा हा तिथला रीतसर शिकलेला, परवानाधारक इसम. तिथून आली की दहाबारा दिवस तिचे बरे जातात.

एकदा मीही तिच्याबरोबर गेलो. काउंटरवरच्या मुलीने हसून तिच्यापुढे एक कागद सरकवला आणि ताईने चष्मा न लावताच त्यावर सही केली. ज्याचा जन्म बँकेत गेला, त्याला हे कसे पाहवणार?

"ताई, वाचलंस तरी का?"

"अरे, दरवर्षी तोच असतो. सरकार पैसे देणार नाही, मी माझे देईन, एवढंच लिहिलंय त्यात."

मी तो कागद मागून घेऊन वाचला. त्यात तीन पर्याय होते. उपचार हवा आहे आणि सरकारी विम्याकडे बिल पाठवून निर्णयही हवा आहे, हा पहिला. उपचार हवा आहे, पण बिल पाठवू नका, हा दुसरा. उपचारच नको, हा तिसरा. पैसे न मिळण्याचे कारणही लिहिले होते. ताईवरचा उपचार आता 'देखभालीचा' आहे, 'सुधारणेचा' नाही.

हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. गेली अनेक वर्षे अमेरिकेत जो वाद चालू आहे, त्याची सगळी मेख या एका शब्दात आहे, असे मला वाटते.

पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी तिथे 'मेडिकेअर' हा सरकारी आरोग्यविमा आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ साली त्या कायद्यावर सही केली. त्यात कायरोप्रॅक्टिकला जागा नव्हती. ती १९७२च्या दुरुस्तीने मिळाली आणि १९७३पासून अमलात आली. पण मिळाली ती अगदी चिंचोळी. मणका जागेवरून किंचित सरकला असेल किंवा त्याची हालचाल बिघडली असेल, तर तो हाताने सारखा करण्याचे तेवढे पैसे. त्यातही रुग्णाने वर्षाची ठरावीक रक्कम आधी स्वतः भरायची आणि पुढच्या प्रत्येक खेपेला वीस टक्के द्यायचे. कायरोप्रॅक्टरने केलेल्या तपासणीचे पैसे नाहीत, त्याने काढलेल्या क्ष-किरण चित्राचे नाहीत, मालिशाचे नाहीत. गंमत अशी की, मणका सरकल्याचा पुरावा म्हणून क्ष-किरण चित्र दाखवण्याची सक्ती मात्र त्याच कायद्यात होती! ती अट २०००पासून गेली. तपासणीचे पैसे अजूनही मिळत नाहीत.

हा संकोच आला कुठून, ते समजायचे तर थोडे मागे जावे लागेल. डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थाने १८९५मध्ये आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी ही विद्या सुरू केली. इमारतीच्या रखवालदाराचा मणका दाबून आपण त्याचा बहिरेपणा घालवला, असा त्याचा दावा होता. डॉक्टरमंडळी त्याला हसली यात नवल नाही. पुढे मात्र प्रकरण हसण्यावर राहिले नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या सदस्यांना कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवण्यास मज्जाव केला. त्याविरुद्ध चेस्टर विल्क आणि त्यांचे काही सहव्यवसायी १९७६ साली कोर्टात गेले. १९८७मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तो बहिष्कार बेकायदा ठरला आणि १९९०मध्ये वरच्या कोर्टानेही तो निकाल कायम केला.

कोर्टाने बहिष्कार उठवला म्हणून एखादी विद्या शास्त्र ठरत नाही, हेही तितकेच खरे. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ती विरळा असतील, पण आहेत. म्हातारपणी हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यांवर जोर लावणे धोक्याचे. दुसरीकडे, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्याच मान्यवर संस्थेने २०१७मध्ये असा सल्ला दिला की, कंबरदुखीवर गोळ्यांकडे वळण्यापूर्वी शेक, मालिश, व्यायाम, मणक्यांची हाताने हाताळणी असे उपाय आधी करून पाहावेत. मणके हाताळण्याबाबतचा पुरावा भक्कम नाही, हेही त्या संस्थेने मोकळेपणाने सांगितले. वेदनाशामक अफूजन्य गोळ्यांनी त्या देशात किती घरे उद्ध्वस्त केली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या सल्ल्याचे महत्त्व कळेल.

मेडिकेअरने कायरोप्रॅक्टरच्या परवान्यात बसणाऱ्या सगळ्याच सेवांचे पैसे द्यावेत, असे विधेयक २०१९, २०२१ आणि २०२३ साली काँग्रेसमध्ये आले. त्यातल्या एकाचाही कायदा झाला नाही. विरोधकांचा मुख्य मुद्दा पैशाचा आहे आणि तो पोकळ नाही. २००५ ते २००७ या काळात काही निवडक भागांत असा वाढीव विमा प्रायोगिक पातळीवर देऊन पाहिला गेला. रुग्ण बहुतांशी समाधानी होते, पण खर्च वाढला आणि त्यातला मोठा वाटा एकट्या इलिनॉयचा, म्हणजे ताईच्याच राज्याचा होता. शिवाय २००६ साली मेडिकेअरने कायरोप्रॅक्टरांना दिलेल्या रकमेपैकी सुमारे १७ कोटी ८० लाख डॉलर नियमात न बसणाऱ्या उपचारांवर गेले, असे सरकारच्याच तपासनिसांनी दाखवून दिले. तिजोरी उघडी दिसली की हात लांब होतात. हे मला कोणी शिकवायला नको.

असे असूनही माझे मत ताईच्या बाजूला झुकते. भावाची माया त्यात असेलच, पण कारणे बँकेतली आहेत.

पहिले कारण. पाहणी न करता कर्ज वाटणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही घरी बसवत असू. इथे तर खुद्द कायदाच म्हणतो की मणक्याला हात लावण्याचे पैसे देऊ, पण हात लावण्याजोगा मणका आहे की नाही हे पाहण्याचे देणार नाही. पंचाहत्तर वर्षांच्या बाईच्या बाबतीत जी गोष्ट सर्वांत आधी व्हायला हवी, तीच नेमकी रुग्णाच्या खिशावर सोडलेली. विमा वाढवायचा नसेल तर वाढवू नका, पण निदान तपासणीचे पैसे द्या. त्याने काही उपचार वाढतील, काही वेळेवर थांबतीलही.

दुसरे कारण त्या 'देखभाल' शब्दाचे. आमच्या शाखेत लिफ्ट होती, जनरेटर होता, पुढे संगणक आले. प्रत्येकाचा वार्षिक देखभालीचा करार असे आणि त्याच्या मंजुरीला वरिष्ठांनी कधी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही. जनरेटर 'सुधारावा' अशी कोणाची अपेक्षा नव्हती, तो बंद पडू नये एवढीच होती. माणसाच्या बाबतीतच हा हिशेब उलटा का? म्हातारपणी तब्येत काल होती तितकीच आज असणे, हीच कमाई असते.

मग बिनहिशेबी पैसे द्यायचे का? मुळीच नाही. मधला रस्ता त्याच मेडिकेअरने शोधलेला आहे. जुनाट कंबरदुखीसाठी अॅक्युपंक्चरचे पैसे २०२०पासून मिळतात. नव्वद दिवसांत बारा खेपा, गुण दिसला तर आणखी आठ आणि वर्षाला फार तर वीस. गुण नसेल तर बंद. मर्यादा घाला, नोंदी मागा, पण दार तरी उघडा. कायरोप्रॅक्टरसाठीही असाच आकडा ठरवता येईल. मात्र 'गुण' म्हणजे काय, हे मोजताना जिना चढता येतो का, स्वतःची स्वतः अंघोळ करता येते का, हेही धरावे.

यावर इथला वाचक म्हणेल, अमेरिकेतल्या म्हातारीच्या कंबरेशी आम्हांला काय कर्तव्य? पण आपल्या घरातली पॉलिसी काढून पाहा. आपला आरोग्यविमा मुळात चोवीस तास इस्पितळात दाखल होण्याभोवती बेतलेला आहे. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळण्यातली वयाची अट २०२४मध्ये उठली, त्याच वर्षी सत्तरीवरच्या सर्वांसाठी पाच लाखांपर्यंतची आयुष्मान योजना आली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. तरी आजी न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. ती पडू नये म्हणून पायांत बळ आणणारा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी येतो, त्याचे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. बाह्यरुग्ण उपचारांचे संरक्षण देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण त्या घेतो कोण आणि त्यांतली मर्यादा वाचतो कोण? शब्द वेगळे, हिशेब तोच. मोडल्यावर पैसे, मोडू नये म्हणून नाहीत.

तेव्हा आज जेवणानंतर आईवडिलांची पॉलिसी काढा, चष्मा लावा आणि दाखल न होता कशाकशाचे पैसे मिळतात ते वाचा. नूतनीकरणाच्या वेळी एजंटाला तेवढा एकच प्रश्न विचारा. पुष्कळांनी विचारला तर तो वरपर्यंत जातो, असा माझा अनुभव आहे.

मी निघालो त्या दिवशी ताई मला सोडायला गाडीपर्यंत आली. तिच्या दारापुढे चार पायऱ्या आहेत. कठड्याला न धरता ती त्या उतरली. आदल्या आठवड्यातच ती स्वतःचे पैसे भरून मणके दाबून घेऊन आली होती. तिला ते पैसे परवडतात. ज्यांना परवडत नाहीत, त्यांनी घरातच बसून राहायचे का, एवढाच या वादातला प्रश्न आहे.