शॉकअप बदलण्याआधी त्याची जागा बघा!

आपल्या हॉस्टेलवर रात्रीच्या जेवणानंतर वाद रंगतो तो दोनच विषयांवर. एक मेसची भाजी आणि दुसरा गाड्या. भाजीचा प्रश्न आजवर कोणत्याही बॅचला सुटलेला नाही, म्हणून या लेखात दुसऱ्या विषयाला हात घालतो.

आपल्यातली निम्मी मुले खेड्यातून आलेली. कोणाच्या घरी दुधाची पिकअप आहे, कोणाच्या काकांकडे जुनी जीप आहे. पावसाळ्यात ही गाडी पाणंदीत शिरली की मागून झोके खायला लागते, मागचे चाक उसळते, हौद्यातले कॅन एकमेकांवर आदळतात. हे ऐकले की रूममधल्या तज्ज्ञांचा सल्ला ठरलेला, "शॉकअप गेले बे तुझे, भारीतले टाक!" मग भारीतले शॉकअप येतात, हजारो रुपये जातात आणि झोका थोडा कमी होऊन तसाच राहतो.

माझे म्हणणे एवढेच की शॉकअप कोणत्या कंपनीचा हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, तो बसवलाय कुठे आणि कसा? परदेशात ऑफ-रोड ट्रकवाले मागचे शॉकअप चासीच्या आतल्या बाजूने काढून बाहेर, चाकाजवळ नेऊन बसवतात. टोयोटा टॅकोमासारख्या पाट्यांच्या पिकअपवर हा बदल चांगलाच परिचयाचा आहे. दिसायला तो दोन ब्रॅकेटचा खेळ आहे, पण त्यात आपल्या सेकंड इयरपासून फायनल इयरपर्यंतचे निम्मे मेकॅनिकल भरलेले आहे. आणि म्हणूनच तो आपल्या वर्कशॉपमध्ये शिकवला गेला पाहिजे, असे मला वाटते.

आधी साधी गोष्ट. वजन पेलतात ते पाटे. शॉकअप वजन पेलत नाही. पाटा दबून सुटला की तो वरखाली होत राहतो, त्या हालचालीतली ऊर्जा शॉकअप तेलातून पिस्टन ढकलून उष्णतेत घालवतो. पिस्टन जितक्या वेगाने हलेल तितका त्याचा विरोध जास्त. म्हणजे शॉकअपकडून काम करून घ्यायचे असेल तर त्याला हलायला मिळाले पाहिजे. जो शॉकअप हलतच नाही, तो कितीही महाग असो, बॅक बेंचवर झोपलेल्या मुलासारखा. हजेरी लागते, काम शून्य!

आता पाणंदीत काय होते ते बघा. बैलगाडी आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत एक चाक खाली जाते, दुसरे मधल्या उंचवट्यावर चढते. मागचा अ‍ॅक्सल आडवा न राहता तिरका होतो. शॉकअप जर अ‍ॅक्सलच्या मध्याजवळ असतील तर चाके भरपूर हलतात, शॉकअप मात्र थोडेच हलतात.

आकड्यांत मांडू. उदाहरणासाठी दोन मागच्या चाकांमधले अंतर 1400 मिमी धरा. प्रत्येक शॉकअप मध्यापासून 350 मिमीवर, सरळ उभा. एक चाक 100 मिमी वर आणि दुसरे 100 मिमी खाली गेले तर शॉकअप हलतो फक्त 50 मिमी. तोच शॉकअप मध्यापासून 550 मिमीवर नेला तर तो सुमारे 79 मिमी हलतो. पण खरी गंमत पुढे आहे. परिणाम नुसत्या गुणोत्तराने वाढत नाही, गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. का? कारण तोटा दोनदा होतो. एकदा पिस्टन हळू हलतो म्हणून बल कमी मिळते, आणि ते कमी मिळालेले बलही मध्यापासून कमी अंतरावर काम करते म्हणून त्याचा झोक्यावरचा जोर आणखी कमी. 350 वरून 550 म्हणजे अंतर दीडपटीहून थोडे जास्त, पण झोका थांबवण्याची ताकद जवळजवळ अडीच पट! शॉकअप तोच, तेल तेच.

दुसरी गोष्ट कोनाची. जागेच्या अडचणीमुळे आतल्या बाजूचे शॉकअप बऱ्याचदा तिरके बसवलेले असतात, वरचे टोक आत झुकलेले. उभ्या रेषेपासून 30 अंश कलला तर उभ्या हालचालीसाठी त्याचा उपयोग सुमारे 75 टक्के उरतो, 45 अंशाला निम्माच. इथेही कोसाइनचा वर्ग. बाहेर नेताना शॉकअप उभा करता आला तर हा फायदा वेगळा मिळतो.

पण इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाके एकदम वर येतात तेव्हा शॉकअप मध्याजवळ आहे की बाहेर, याने काही फरक पडत नाही. तिथे फक्त कोन महत्त्वाचा. म्हणून "बाहेर नेले की गाडी सगळीकडे मऊ होते" असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. उलट झोका आवळला गेल्याने एकाच चाकाखाली दगड आला तर वरची बॉडी आडवा हिसका देते, बसणाऱ्याचे डोके डावी-उजवीकडे हापटते. तेव्हा कदाचित जरा नरम शॉकअप लागेल. आणि मालवाहू पिकअपचे कडक पाटे रिकाम्या गाडीला उडवणारच, ते दुखणे शॉकअपच्या जागेने जाणार नाही.

मग कंपनीचे इंजिनिअर काय झोपले होते? मुळीच नाही. चाकाजवळ टायर आहे, ब्रेकचा ड्रम आहे, पाटा आहे. वर हौद्याची फळी आहे, बाजूला सायलेन्सरचा पाइप आणि डिझेलची टाकी. चासीला जिथे क्रॉस मेंबर आहे तिथेच शॉकअप टांगला तर वेगळा ब्रॅकेट लागत नाही. आत बसवलेला शॉकअप कमी हलतो म्हणून आखूड चालतो. काही गाड्यांत एक शॉकअप अ‍ॅक्सलच्या पुढे आणि एक मागे असतो, तो ब्रेक-क्लचच्या धक्क्यात अ‍ॅक्सल पिळवटून नाचू नये म्हणून. दोन्ही एका बाजूला आणून मोकळे झालात तर तो फायदा गेला. कंपनीने हजार गोष्टींची तडजोड केलेली असते. आपण त्यातली एक गोष्ट बदलतो तेव्हा उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवचे काय होते हे बघणे, यालाच तर इंजिनिअरिंग म्हणायचे ना?

आणि या तडजोडी काळाबरोबर बदलतातही. महिंद्राने सुरुवातीच्या काळात मुंबईत माझगावला विलीस जीप जोडल्या, त्या पुढे-मागे पाट्यांच्याच. 2010 च्या थारमध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आले, मागे पाटे राहिले. 2020 च्या थारमध्ये मागचा अ‍ॅक्सल अखंडच राहिला, पण पाटे जाऊन लिंक आणि कॉइल स्प्रिंग आले. म्हणजे मूळ कंपनीही "असेच चालत आलेय" म्हणून थांबत नाही. फरक एवढाच की ती आधी मोजते, मग कापते.

आपल्याकडे उलटे होते. आधी कापतात. इथे गोष्ट गंमतीची राहत नाही. शॉकअपचे वरचे टोक बाहेर नेले की ब्रॅकेट चासीपासून लोंबकळतो. समजा धक्क्याला शॉकअपने 3000 न्यूटन बल दिले आणि ते चासीच्या पट्टीपासून 150 मिमी बाहेर लागले, तर पट्टीवर 450 न्यूटन-मीटरचा पीळ आला. सी आकाराची उघडी पट्टी वाकण्याला दमदार असते, पिळाला मात्र फारच कच्ची. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सहा महिन्यांनी वेल्डिंगच्या कडेला बारीक चीर पडते आणि मग एका वळणावर ब्रॅकेट सुटतो. मागे माणसे बसलेली असतात, बसू नये तरी बसलेली असतात. म्हणून बाहेरच्या दोन्ही ब्रॅकेटना जोडणारी आडवी नळी हवी, म्हणजे एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूपर्यंत वाटला जातो. चासीच्या वरच्या-खालच्या कडांना भोके पाडू नयेत, तिथेच सर्वात जास्त ताण असतो. उभ्या भागावर बोल्टने पट्टी बसवणे त्यापेक्षा बरे.

बाकीची तपासणीही ध्यानात ठेवा. बाहेर नेलेला शॉकअप जास्त हलणार, म्हणून जुना आखूड पडेल. अ‍ॅक्सल पूर्ण वर गेला की शॉकअप मिटण्याआधी रबरी बंप स्टॉप टेकला पाहिजे, आणि पूर्ण खाली लोंबला की शॉकअप ताणून तुटता कामा नये. अ‍ॅक्सल तिरका झाल्यावर टायरची वरची कड आत झुकते, ती शॉकअपला घासते का? आणि आपली सोलापूरची काळी माती! ती टायरला नुसती चिकटत नाही, थरावर थर चढते. कोरड्या टायरला बोटभर जागा पुरेल असे वाटते, चिखलात तीच जागा दगडासारखी भरून जाते. खालचा ब्रॅकेट अ‍ॅक्सलच्या खाली लोंबत ठेवला तर बांधावर आणि चारीवर पहिला तोच आपटणार. हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप दिसत नाही. सॉफ्टवेअर तुम्ही दिलेले बिंदू घेते, चिखल त्याला माहीत नसतो.

कायद्याचेही बघा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. तेव्हा हा लेख वाचून कोणी दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या पिकअपखाली वेल्डिंग मशीन घेऊन शिरू नये. चासीला हात लावायचा तर आधी आरटीओला विचारा. आधी शॉकअपमधून तेल गळते का, बुश खाल्लेत का, पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का, हे बघा. निम्मी दुखणी तिथेच सापडतात.

मग शिकायचे कुठे? आपल्या वर्कशॉपमध्ये. सर-मॅडम, ही विनंती तुम्हाला आहे. भंगारातून एका जुन्या पिकअपचा मागचा अर्धा भाग आणा. चासी, हौसिंग, पाटे, शॉकअप. स्टँडवर ठेवा. एका चाकाखाली जॅक लावा आणि दहा-दहा मिलिमीटरने उचला. टेपने चाक किती उचलले आणि शॉकअप किती दबला हे लिहा. ग्राफ काढा, त्याचा चढ म्हणजेच मोशन रेशो. मग क्लॅम्पने तात्पुरता ब्रॅकेट बाहेर लावून पुन्हा मोजा. लागणारे साहित्य म्हणजे जॅक, टेप, ओळंबा आणि एक दुपार. व्हायब्रेशनच्या पेपरात जे सूत्र आपण पाठ करून ओकतो, ते त्या दुपारी डोळ्यांसमोर हलताना दिसेल. आणि त्या दिवशी एखाद्या गॅरेजच्या मिस्त्रींनाही बोलवा. कुठे चीर पडते हे त्यांनी शेकडो गाड्यांखाली झोपून पाहिलेले असते. का पडते हे आपण सांगू. दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखे आहे.

"सिलॅबस आधीच भरलेला आहे, वेळ कुठे?" असे म्हटले जाईल. मान्य. पण ज्या जर्नलमधले प्रयोग मागच्या बॅचकडून जसेच्या तसे उतरतात, त्यातला एक काढून हा घातला तर नुकसान कोणाचे? बाहा स्पर्धेचेच बघा. 1976 मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिनामध्ये सुरू झालेली ही स्पर्धा 2007 मध्ये पिथमपूरला आली. मूळ कल्पनाच अशी की सगळ्या संघांना इंजिन सारखे, मग गाडीगाडीत फरक पडतो तो सांगाडा, वजन आणि सस्पेन्शनमध्ये. तिथे शॉकअपची किंमत विचारून परीक्षक गप्प बसत नाहीत. तो आर्मवर याच ठिकाणी का बसवला, हे विचारतात. "सिनियरनी तिथेच बसवला होता" हे उत्तर तिथे चालत नाही.

मित्रहो, याच गावात कॅमशाफ्ट ओतून देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना पाठवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स उभी राहिली. म्हणजे सोलापुरात मोजमापाची अक्कल नाही असे कोणी म्हणू नये. ती आपल्या हातात यायला मात्र गाडीखाली शिरावे लागेल, शर्टाला काळे लागेल. पुढच्या वेळी रूममध्ये कोणी म्हणाले की "भारीतले शॉकअप टाक", तर त्याला फक्त एवढेच विचारा, "टाकतो की. पण आत्ता आहे तो चाकाच्या मानाने किती हलतो, मोजलायस का बे?"